काउंटरवरून कळत नाही ते माप

दहापैकी आठ बायका चुकीच्या मापाची ब्रा वापरतात, हे विधान जाहिरातींत, आरोग्यसदरांत आणि मुलाखतींत वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. त्याच्यामागे काय आहे ते आधी तपासायला हवं. या आकड्यासाठी नेहमी पुढे केला जाणारा एक अभ्यास मेलबर्नचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात अवघ्या ३० तरुणी होत्या. १८ ते २६ वयाच्या, मूल न झालेल्या आणि पाठीच्या वरच्या भागात दुखण्याचा त्रास असलेल्या. त्यांतल्या ८० टक्के जणींची ब्रा मापाची नव्हती. ७० टक्के जणींना ती लहान होत होती, १० टक्के जणींना मोठी. पाठदुखीचा आणि चुकीच्या मापाचा थेट संबंध मात्र या अभ्यासात सिद्ध झाला नाही, आणि हा निष्कर्ष सहसा कुणी सांगत नाही. त्याआधी २००३ साली ब्रिटनमधल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात आलेल्या पाहणीत स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या शंभरावर स्त्रियांची ब्रा तपासली होती. एकीचीही मापाची निघाली नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच वुलनगाँग विद्यापीठाच्या मॅक्गी आणि स्टील यांना हे प्रमाण ८५ टक्के आढळलं. नमुने छोटे आहेत, त्यांतले काही मुळातच त्रास असलेल्या स्त्रियांचे आहेत, त्यामुळे ‘जगातल्या ८० टक्के बायका’ असं म्हणण्याइतका आधार यांतून मिळत नाही. पण सगळ्या पाहण्यांचा कल एकाच बाजूला आहे, आणि तोही अशा देशांत जिथे दुकानात ब्रा घालून पाहणं ही रोजची गोष्ट आहे. जिथे ती काउंटरवर खोक्यातून काढून दाखवली जाते आणि कागदात गुंडाळून हातात दिली जाते, त्या नागपूरच्या बर्डीवर किंवा इतवारीत परिस्थिती याहून बरी असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

या आकड्यांचा नेहमी लावला जाणारा अर्थ असा, की बायकांना स्वतःचं माप माहीत नाही. त्यांना टेप धरायला शिकवा, प्रश्न सुटेल. हा अर्थ मला मान्य नाही. चूक बायकांच्या अज्ञानात शोधली की दुकान, कारखाना आणि आकड्यांची पद्धत या तिघांची जबाबदारी आपोआप सुटते. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर तो वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो: टेपने काढलेला आकडा हा अंदाज असतो, आणि तो अंदाज अंगावर पडताळून पाहण्याची सोय ग्राहक बाईला मिळत नाही. अडचण मोजण्यात कमी आणि घालून पाहण्यात जास्त आहे.

आकडा किती डळमळीत आहे ते एका उदाहरणाने पाहू. एका बाईचा छातीखालचा घेर ३० इंच आहे आणि भर छातीचा ३६ इंच. जुन्या पद्धतीत छातीखालच्या घेरात चार इंच मिळवतात, म्हणजे ३४. मग ३६ आणि ३४ यांतला फरक दोन इंच, म्हणून कप बी. ही बाई झाली ३४बी. दुसऱ्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत. छातीभोवतीचा पट्टा ३०, फरक सहा इंच, आणि इंग्लंडच्या क्रमाने ए, बी, सी, डी, डीडी, ई मोजत गेलं की कप येतो ई. तीच बाई ३०ई. दोन्ही पद्धती आजही चालू आहेत. युरोपात पट्ट्याचा आकडा म्हणजे छातीखालचा प्रत्यक्ष घेर, सेंटिमीटरमध्ये. तिथलं ७५ म्हणजे साधारण ७३ ते ७७ सेंटिमीटर घेराच्या बाईसाठी, आणि तेच माप आपल्याकडच्या खोक्यावर ३४ म्हणून छापलेलं असतं. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. म्हणजे खोक्यावरच्या ३४ मध्ये ते जादाचे चार इंच आधीच धरलेले आहेत. हे ठाऊक नसलेली बाई टेप लावून ३० मोजते आणि दुकानात ३० मागते, तेव्हा तिला श्वास कोंडणारी ब्रा मिळते. आणि दुसरीकडे कंपनीने इलॅस्टिक जास्त ताणणारं वापरलं असेल तर तिलाच ३४ सैल होते. त्यात भर म्हणून कपाचं अक्षर एकट्याने काहीच सांगत नाही. पट्टा एक आकडा कमी केला की कप एक अक्षर वाढवावा लागतो, तेव्हा कुठे कपाची जागा तेवढीच राहते. ३६बी, ३४सी आणि ३२डी यांच्या कपात मावणारा भार जवळजवळ सारखा असतो. ‘डी म्हणजे फार मोठी’ ही सर्रास ऐकू येणारी समजूत त्यामुळे चुकीची आहे, आणि त्या समजुतीपायी कित्येक सडपातळ मुली डी कप मागायला बिचकतात.

ही अक्षरं फार जुनीही नाहीत. मेरी फेल्प्स जेकब या न्यू यॉर्कच्या तरुणीने १९१४ मध्ये ज्या ब्राचं पेटंट घेतलं ती दोन रुमाल आणि रिबीन यांच्यापासून सुचलेली होती; तिला कप नव्हतेच. ए ते डी हा क्रम १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅम्प आणि वॉर्नर या कंपन्यांनी रूढ केला. त्यानंतर प्रत्येक देशाने डीच्या पुढे आपापली अक्षरं लावली. कुणी डीडी म्हणतं, कुणी ई. कुणी एफ म्हणतं ते दुसऱ्याचं डीडीडी असतं. आपल्याकडे होजिअरीच्या साध्या सुती ब्रावर तर अनेकदा अक्षरच नसतं, नुसतं ३२, ३४, ३६. कप ठरवलेला असतो, पण तो कारखान्याने ठरवलेला, बहुतेक वेळा बी. ज्या बाईला सी किंवा डी कप हवा तिला मग एकच वाट उरते: कप पुरेपर्यंत आकडा वाढवत जायचं. कप पुरतो तेव्हा पट्टा सैल झालेला असतो. सैल पट्टा पाठीवर वर सरकतो, पुढचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो, त्या आवळल्या जातात आणि खांद्यावर खाचा पडतात. पोर्ट्समथ विद्यापीठात व्हाइट आणि स्कर यांनी ४५ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, हेच चित्र आकड्यांत दिसलं. टेपच्या पारंपरिक पद्धतीने ७६ टक्के जणींचा पट्टा गरजेपेक्षा मोठा ठरवला आणि ८४ टक्के जणींचा कप लहान. म्हणजे बायकांनी सांगितल्याप्रमाणे टेप लावली तरी माप चुकत होतंच, आणि ठरावीक दिशेने चुकत होतं. मॅक्गी आणि स्टील यांचा निष्कर्षही असाच आहे: आकड्यावर विसंबण्यापेक्षा ब्रा अंगावर कशी बसते याच्या खुणा ओळखायला शिकवणं जास्त उपयोगाचं.

आता नागपूरकडे येऊ. बर्डीची मुख्य ओळ, इतवारी-गांधीबागेचा ठोक बाजार, जरीपटका, सक्करदरा, गोकुळपेठ, कुठेही गेलं तरी या खरेदीचा साचा ठरलेला असतो. काउंटरच्या अलीकडे बाई, पलीकडे दुकानदार किंवा त्याचा माणूस, मागे छतापर्यंत खोकी. ‘भैया, चौतीस दाखवा’ एवढं बोलून होतं. कप विचारला जात नाही, सांगितला जात नाही. बरोबर आई असेल तर मुलीचं माप आईच सांगते. आजूबाजूला इतर गिऱ्हाईकं असतील तर बाई दुसरं खोकं उघडायलाही सांगत नाही. घरी जाऊन घातल्यावर जे काय निघेल ते निघेल. यात दुकानदाराला दोष देणं सोपं आहे, पण त्याची बाजूही नीट पाहिली पाहिजे. ३० ते ४० पर्यंत पट्ट्याचे सहा आकडे आणि ए ते डी चार कप धरले तर एकाच नमुन्याची २४ मापं होतात. त्याचे तीन रंग ठेवायचे तर ७२. साधी आणि पॅडची असे दोन प्रकार ठेवले तर १४४, आणि प्रत्येकाचे तीन नग म्हणजे ४३२. दहा बाय दहाच्या दुकानात यातली निम्मी खोकी वर्षभर धूळ खात पडतील हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. म्हणून तो ३२ ते ३८ आणि बी एवढंच भरतो. गिऱ्हाईक तेच मागतं, कारण दुसरं मिळतं हे त्याला माहीत नाही. आणि कारखाना तेच बनवतो, कारण मागणी तेवढीच येते. या चक्रात कुणाची लबाडी नाही, आणि म्हणूनच ते आपोआप तुटणारही नाही.

लाज हे दुसरं कारण सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण लाजेचाही एक सार्वजनिक इतिहास आहे. मे २०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने दुकानांबाहेर अंतर्वस्त्रं घालून उभे केलेले पुतळे हटवण्याचा ठराव केला होता. ठरावाचा विषय होता रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेला काय दिसतं. त्या पुतळ्यामागच्या दुकानात शिरणाऱ्या बाईला आडोसा मिळतो का, विचारायला बाईमाणूस आहे का, हे प्रश्न असे ठराव करणाऱ्यांच्या यादीत कधी वर येत नाहीत. मासिक पाळीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जी मोकळीक आली तिच्याशी हे ताडून पाहावं. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना सुरू करून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट देण्याचं ठरवलं, त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. शाळेत, अंगणवाडीत, आशाताईंच्या बैठकीत पॅड हा शब्द मोठ्याने उच्चारला जाऊ लागला. त्याच वयात, त्याच शरीरात होणाऱ्या दुसऱ्या बदलासाठी मात्र मुलीला अजून घरातल्या बाईच्या अंदाजावर सोडून दिलेलं आहे.

खरं तर नेमक्या फिटिंगचं वेड आपल्या बायकांना परकं नाही, आणि मला हा या विषयातला सर्वांत आशेचा भाग वाटतो. ब्लाउज घ्या. ब्लाउजसाठी बाई टेलरकडे जाते, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, गळा अशी मापं देते किंवा नीट बसणारा जुना ब्लाउज मापाला देते. शिवून आल्यावर घालून पाहते. बगलेत चुण्या पडल्या, टक्स वर-खाली झाला, तर परत नेते. टेलरही आत मार्जिन सोडून ठेवतो, कारण अंग बदलणार हे त्याला ठाऊक असतं. कटोरी ब्लाउज शिवणारी ताई टक्स पॉइंट खांद्यापासून किती खाली घ्यायचा, दोन टोकांत अंतर किती ठेवायचं, कटोरीला किती गोलाई द्यायची हे ज्या बारकाईने ठरवते, ती बारकाई म्हणजेच कप कापण्याचं शास्त्र आहे. त्याही आधीची खणाची चोळी अंगाबरोबर शिवलेली असे आणि पुढच्या गाठीने रोज हवी तेवढी सैल-घट्ट करता येई. ‘आमच्या आज्यांनी कुठे ब्रा घातली?’ असा आक्षेप घेतला जातो, त्याला हेच उत्तर आहे. त्यांचं आधार देणारं वस्त्र चोळीच होतं, आणि ते प्रत्येकीच्या मापाचं होतं. तयार कपड्याच्या काळात आधाराचं काम ब्लाउजच्या आतल्या कपड्याकडे गेलं, पण त्याच्याबरोबर मापाचा हट्ट तिकडे गेला नाही. परिणाम ब्लाउजलाही भोगावा लागतो. टेलर माप घेतो ते अंगावर असलेल्या ब्रावरून. ती ढिली असेल तर टक्स पॉइंट खाली जातो, आणि नवी ब्रा घातली की तोच ब्लाउज बसत नाही. नागपूर हे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचं, कोष्ट्यांच्या मागांचं, गांधीबागेच्या कापडबाजाराचं शहर आहे. कापडाची आणि शिवणीची पारख इथल्या बायकांना आहे. ती पारख या एका कपड्यापाशी येऊन थांबते, कारण तो दुकानात अंगाला लावता येत नाही.

ती पारख ब्राला लावायची तर काय पाहायचं? पट्टा आधी, कारण आधाराचा बहुतांश भाग छातीभोवतीच्या पट्ट्याकडून येतो, खांद्यावरून नाही. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट बसली पाहिजे. पुढे इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आतल्या हुकांकडे जाता येतं. नवी असतानाच आतला हुक लावावा लागत असेल तर ती मोठी आहे. पाठीवर पट्टा पुढच्याच उंचीवर, आडवा राहायला हवा. त्याच्याखाली दोन बोटं सहज जावीत, मूठ जाऊ नये. मग पुढे वाकून स्तन पूर्णपणे कपात येऊ द्यावेत, बगलेकडचा भाग हाताने पुढे घ्यावा आणि उभं राहून पाहावं. कपाच्या वरच्या कडेने उभार कापल्यासारखा दुहेरी दिसला, किंवा बगलेतून मांस बाहेर आलं, तर कप लहान आहे. बगलेतलं ते मांस पाहून ‘मी जाड झाले’ असं वाटून घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. कपाचं एक अक्षर वाढवलं की बऱ्याच वेळा ते जागच्या जागी जातं. कप पोकळ राहून चुण्या पडल्या तर तो मोठा किंवा त्याचा आकार वेगळा. तारेची ब्रा असेल तर तार स्तनाखालच्या घडीत बसली पाहिजे, स्तनावर चढता कामा नये, आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. शेवटी दोन्ही हात वर करावेत. पट्टा वर सरकला तर तो सैल आहे. खांद्याच्या पट्ट्या सर्वांत शेवटी, बोट जाईल इतक्याच ओढाव्यात. दोन्ही स्तन सारखे नसणं हे अगदी सर्वसाधारण आहे. माप मोठ्या बाजूचं घ्यावं आणि दुसऱ्या बाजूची पट्टी थोडी ओढून घ्यावी. हे सगळं पाहायला काही मिनिटं आणि एक आरसा लागतो. एकदा शिकलेलं आयुष्यभर पुरतं, आकडा मात्र पुरत नाही: महिन्याच्या चक्रात, गरोदरपणात, अंगावर पाजताना, वजन बदलताना, पाळी जाताना तो बदलत राहतो. विशीत ठरलेला ३४ पन्नाशीपर्यंत मागत राहणं हे म्हणूनच चुकीचं आहे.

एक मूलभूत आक्षेप असा, की ब्रा घालावीच कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ब्रा घातल्याने स्तन ओघळत नाहीत, या समजुतीला भक्कम पुरावा नाही. वय, गर्भारपणं, वजनातले चढउतार आणि धूम्रपान यांचा त्यात मोठा वाटा असतो. उलट बाजूची, म्हणजे ब्रामुळे कर्करोग होतो ही भीती १९९५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने पसरवली, आणि सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ५५ ते ७४ वयाच्या १,५१३ स्त्रियांची माहिती तपासून ती निराधार ठरवली. कप, तार, रोजचे तास, कोणत्या वयापासून घातली, कशाचाच संबंध दिसला नाही. म्हणजे वैद्यकाच्या बाजूने सक्ती नाही आणि बंदीही नाही. यातून काय निघतं? ब्राचं मुख्य प्रयोजन आराम आणि हालचालीची मोकळीक हे आहे. ते साधत नसेल, रुतत असेल, काचत असेल, घरी आल्या आल्या काढून फेकावीशी वाटत असेल, तर तो कपडा सहन करण्याचं कुठलंही कारण उरत नाही. जिला नको तिने घालू नये. पण जिला हवी, तिला मापाची मिळाली पाहिजे.

हालचालीच्या बाबतीत हा प्रश्न थेट रोजीरोटीला भिडतो. स्तनात स्नायू नसतो. त्वचा आणि आतले बारीक तंतू, ज्यांचं वर्णन इंग्रज शल्यविशारद अॅस्टली कूपर यांनी १८४० मध्ये केलं, एवढाच त्यांचा नैसर्गिक आधार. धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हलतात. खेळासाठीची ब्रा जगात आली तीच मुळी १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटपट्टे जोडून केलेल्या प्रयोगातून. पोर्ट्समथच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १८ वयाच्या २,०८९ ब्रिटिश शाळकरी मुलींपैकी ४६ टक्के जणींनी सांगितलं, की स्तनांमुळे त्यांच्या खेळण्यावर परिणाम होतो. आता महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी आठवा. महिलांना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. विदर्भातल्या हजारो मुली यासाठी पहाटे मैदानावर उतरतात. सेकंदांवर गुण ठरतात. बुटांबद्दल, आहाराबद्दल, श्वासाबद्दल त्यांना प्रशिक्षक सांगतात. सैल सुती ब्रावर दुसरी ब्रा चढवून, वर घट्ट बनियन घालून धावणाऱ्या मुलीला तिची अडचण बोलायला कुणी नसतं. ही अडचण दुखण्यापुरती नाही. छाती हलते म्हणून खांदे पुढे आक्रसून, हात अंगाशी घेऊन धावलं की पाऊल आखूड पडतं. भरतीच्या प्रत्येक शिकवणी वर्गाने पहिल्या आठवड्यात एका बाई प्रशिक्षकाकडून अर्धा तास यावर बोलून घेतलं, तर त्याचा उपयोग महागड्या बुटांपेक्षा कमी होणार नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या स्त्रियांची गरज याहून कठीण. स्तनाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ मध्ये देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. नागपुरात तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था इथे आसपासच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून बायका येतात. एक स्तन काढल्यावर आत कृत्रिम स्तन बसवता येईल अशा खिशाची, व्रणावर न घासणारी, रुंद पट्ट्यांची ब्रा लागते. तिथे ‘चौतीस दाखवा’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही. कपडा घालून पाहिल्याशिवाय, आणि जाणत्या बाईने हात लावून जुळवल्याशिवाय हे काम होऊच शकत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही यात हात आहे. पारा ४५ अंशांच्या वर गेला की सिंथेटिक पॅडची ब्रा स्तनाखालच्या घडीत घाम धरून ठेवते आणि घामोळं, खाज, बुरशीचा संसर्ग मागे लागतो. सैल पट्टा हे आणखी वाढवतो, कारण स्तन घडीवर टेकून राहतो. सुती कापडाचा आग्रह इथे योग्यच आहे. पण ती ब्रा आपण ब्रशने घासतो, पिळतो आणि वाळवतो मात्र टॉवेलखाली किंवा साडीच्या आड, कुणाला दिसू नये म्हणून. ओलसर राहिलेलं कापड बुरशीला पोसतं. उघड्यावर, वारा लागेल अशा सावलीत वाळवणं दोन्ही दृष्टींनी बरं: कडक उन्हाने इलॅस्टिक मरतं आणि आडोशाने दमटपणा राहतो. मापाची घेतलेली ब्रासुद्धा इलॅस्टिक मेल्यावर मापाची राहत नाही.

पैशाचा आक्षेप खरा आहे. शे-दोनशे रुपयांच्या सुती ब्राच्या जागी सात-आठशेची घ्या, असं धुणीभांडी करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सांगणं अन्यायाचं होईल. पण मापाचा संबंध किमतीशी जेवढा जोडला जातो तेवढा तो नसतो. आठशे रुपयांची चुकीची ब्रा चुकीचीच असते, आणि दीडशेची कप-पट्टा जुळलेली ब्रा आधार देते. महाग ब्रामध्ये अक्षरांची निवड जास्त मिळते, फरक तिथे पडतो. म्हणून मागणी अशी हवी, की होजिअरीच्या स्वस्त मालावरही कपाचं अक्षर आणि छातीखालचा घेर सेंटिमीटरमध्ये छापला जावा. ऑनलाइन खरेदीने अक्षरांची निवड नक्कीच वाढवली, आणि ज्या बाईला दुकानात बोलवत नाही तिला मोबाइलवर ई, एफ कप शोधता येतात, हे मोठं काम झालं. पण तिथेही परत करण्याची सोय प्रत्येक विक्रेत्याकडे वेगळी असते, आणि कायदा २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली सदोष माल परत घ्यायला भाग पाडतो. न बसलेलं माप हा मात्र दोष धरला जात नाही. राष्ट्रीय पातळीवर ‘इंडियासाइज’ या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या (निफ्ट) प्रकल्पाने भारतीय शरीरांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं: २५,००० हून अधिक माणसं, वय १५ ते ६५, थ्रीडी स्कॅनर, आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, शिलाँग ही सहा शहरं. विदर्भाची बाई त्यात मुंबईच्या आकड्यांतूनच मोजली जाते. तक्ते सुधारतील, कारखान्यांना फायदा होईल, आणि ते हवंही आहे. तरी तक्ता सरासरी सांगतो. अंगावर काय होतं ते आरशातच दिसतं.

घालून पाहण्याला दुकानदारांचा आक्षेप स्वच्छतेचा आणि नासधुशीचा: घामाच्या अंगाला लावलेला नग दुसऱ्याला कसा विकायचा? बायकांचा आक्षेप भीतीचा: ट्रायल रूममध्ये कॅमेरा असेल तर? दुसऱ्याला कायद्याने उत्तर दिलेलं आहे. असं चित्रण २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येतो. पण कलम भीती घालवत नाही. बाई विक्रेती, आतून लागणारी कडी, वरपर्यंत बंद भिंती आणि मोबाइल नेण्यास मनाई असलेला कर्मचारीवर्ग हे घालवतं. पहिल्या आक्षेपावर उपाय फार साधा आहे. विक्रीचा माल घालू द्यायचाच नाही. दुकानाने मापाची ओळख पटवण्यापुरता एक संच वेगळा ठेवायचा, प्रत्येक मापाचा एक नग, २४ नग. ठोक बाजारात एका नगाला दोनशे रुपये धरले तरी ४,८०० रुपये. पातळ बनियनवरून घालून पाहायचं, धुऊन परत ठेवायचं, आणि जुळलेल्या मापाचं सीलबंद खोकं द्यायचं. ज्या दुकानात जागा नाही तिथे चार-पाच दुकानांनी मिळून एक खोली केली तरी चालेल. माप जुळवून देणाऱ्या बायका कुठून आणायच्या, हाही प्रश्न अवघड नाही. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सिव्हिंग टेक्नॉलॉजी शिकवतात, शंकरनगरच्या एलएडी महाविद्यालयात गृहविज्ञानाची परंपरा आहे, आणि गल्लोगल्ली कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या ताया आहेत ज्यांच्या हाताला हे माप आधीच कळतं. त्यांना कपाची अक्षरं आणि सहा-सात खुणा शिकवायला आठवडा पुरेल, आणि ब्लाउजचं माप घ्यायला आलेल्या बाईला तिथल्या तिथेच, त्याच पडद्यामागे, ‘तुमचा पट्टा सैल आहे, कप एक वाढवून पाहा’ असं सांगणारी पहिली व्यक्ती ती ताईच असू शकते.